दाताच्या रंगाचा मसाला

५ मार्च १९७३, संगमनेर
आले एकदाची! खोली लहान, पण मार्थाला खेळायला ओटा आहे आणि शेजारच्या छबूबाई तिला सांभाळायला एका पायावर तयार. मार्थाचे बाबा प्रभुदास गेल्यापासून मायलेकी इतक्या हसलो नव्हतो. दातांच्या दवाखान्यात नोकरी. तिथं किडके दात भरायचा, दाताच्या रंगाचा नवा मसाला आलाय. मिश्रीनं काळे पडलेले, किडलेले दात घेऊन मुली येतात आणि पांढरे करून जातात. पाहुणे बघायला यायच्या आत. भुकटीत उग्र वासाचं औषध कालवायचं काम माझं.

९ मार्च
डॉक्टर पट्टीनं कालवायला सांगतात, पण मसाला पट्टीलाच चिकटून बसतो. मी आपली औषधात बोटं बुडवते आणि भाकरीच्या पिठासारखा मळते. डॉक्टर खूश. हन्नाबाईंच्या हाताला कसब आहे म्हणाले, आणि माझ्याही पुढच्या दातात फुकट भरून दिला. दुष्काळात हात धुवायला पाणी कुठलं? फडक्याला पुसायचे, घरी येऊन पीठ मळायचं.

२१ मार्च
थकले बाई. बोटांची टोकं बधिर झालीत. वेणी घालताना मार्थाचे केस हाताला जाणवत नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर हसले आणि सिगरेटनं भाजलेलं स्वतःचं काळं बोट दाखवलं. त्यांना भाजल्याचं कळलंच नव्हतं. लग्नसराई उरकू द्या, मग पाहू म्हणाले. मला मात्र भीती वाटली.

२ एप्रिल
सोडावी नोकरी, तर पोरीला घालू काय? तव्यावर बोट भाजत होतं. छबूबाईंनी हात ओढला तेव्हा कळलं. भरलेल्या दाताभोवतीची हिरडी बधिर झाली, आता ओठही. भाकरीला रक्त दिसलं, तेव्हा समजलं की ओठ चावलाय. जीव नुसता विटलाय.

११ एप्रिल
सकाळी मार्था किरकिरत होती. कपाळाला हात लावला, काही नाही वाटलं. गेले कामावर. परत आले तर छबूबाई अंगावर आल्या: अगं, पोरीचं अंग लई तापलंय, तुला कळंना व्हय?
नाही कळलं. आई असून—

१२ एप्रिल
भरदुपार. छबूबाई टांगा आणायला गेल्यात. मघापर्यंत मार्था पाणी मागत होती. आता मागत नाही.
हाका मारल्या—
छाती हलतेय, की वाऱ्यानं तिचा झगाच हलतोय—
नाकापाशी बोट धरलं. श्वास जाणवत नाही. पण बोटाला आता काहीच जाणवत नाही, म्हणून ओठ नेले जवळ. ओठांना—