माझा फासा कुणी टाकला?

दुबलगुंडी,
ता. ७ जून १९८८

चिरंजीव व्यंकटेशास आज्जीचा आशीर्वाद.

लिफाफा पोचला. 'सोबत तुझा फासा पाठवलाय' असं लिहिलंस. फासा सोडून सगळं आलं. परीक्षेला पेन तरी नेतोस का, की तेबी हॉस्टेलात राहतं? मी सांगायलेय, तुझी काकू जगदेवी लिहायलीय. ती हसायलीय, हेबी लिही म्हणलं तिला.

मंग मला सांग, फासा तुझ्यापाशीच राहिला तर माझा डाव टाकला कुणी? म्हणे तुम्ही पोरं टेबलाभोवती तुमचा तो सोंगं घेऊन गोष्ट रचायचा खेळ खेळायला बसलात, गोष्टीतल्या राक्षसाच्या गुहेत तुझ्या दोस्ताच्या सोंगाला विंचू डसला. माझं सोंग, भागव्वा वैदीण, मंत्र म्हणाली, फाशावर एक आलं, मंत्र फसला. आधी फसलेला मंत्र दुसऱ्या दिवशी परत यायचा. आता तुझा नवा नियम, फसला तो कायमचा गेला! खेळाच्या अमेरिकेतल्या पुस्तकातली जादू तुला पसंत न्हाई, नियम नव्यानं बांधायलास, बांध बाबा. पण पहिला घाव माझ्याच भागव्वावर कामून? बिचारी गुहेत नुसती बसून हाय.

घरी सगळे खुशाल. म्हैस व्याली, कालवड झाली.

चन्नबसप्पाच्या नातीला, शोभीला, मागल्या महिन्यात विंचू चावला. गावची रीत तुला ठावी हाय, इख उतरवायला आधी माझा ओटा, मंग बाकीचं. मी मंत्र म्हणला, हात फिरवला. इख चढतच गेलं. बसनं हुमनाबादला नेली, सुई टोचली, पोर वाचली. तवापासून ओट्यावर कुणी येत न्हाई. बरंच झालं, माझे गुडघे दुखत्यात.

जगदेवी म्हणते, खोटं लिहिणार न्हाई. मंग खोड ते. बरं न्हाई झालं.

काल चन्नबसप्पा आला. त्याला बघून मी आत निघाले व्हते.

"अव्वा, पळता कामून? पोर बस येईस्तोवर तुमच्या मांडीवर गप पडली व्हती. बसमधी माझ्या मांडीवर आली आन् जी वरडली! डॉक्टरला सांगितलं तर म्हणले, आधी कुणी शांत ठेवली हिला?"

तवा नियम बदल. मंत्रानं इख उतरत न्हाई, असं खुशाल लिही. पण म्हणणारीचा हात अंगावर हाय तवर डसलेला घाबरत न्हाई, मदत येईस्तोवर दम धरतो. ह्याला फासा लागत न्हाई. भागव्वाला उठीव. लई बसली.

तुझी आज्जी जानकीबाई,
आणि भागव्वाबी.

ता. क. लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा पोस्टानं धाड, मोठा. रडली न्हाईस तर देईन, असं मंत्राच्या मधीच शोभीला कबूल केलंय मी. आन् ह्यावेळी लिफाफा चिकटवायच्या आधी आत बघ.