कानातल्या शिट्टीचा आकडा

सोमवार, २ तारीख

नवीन नोकरी, नवीन खोली आणि ही नवीन वही, तिन्ही एकाच दिवशी. म्हणजे आपण आता मोठा माणूसच झालो म्हणायचं! दवाखान्यांच्या चादरी धुण्याचा कारखाना आहे. मला घड्यांच्या विभागात टाकलंय. गरम रुळांतून चादर बाहेर येते, दोघांनी चार कोपरे पकडायचे, तीन घड्या, ढिगावर. यंत्रांचा गोंगाट भिंतीपलीकडे राहतो, हे सगळ्यात झकास. आधीच्या ठिकाणी चार वर्षं पत्रा ठोकायच्या यंत्रापाशी उभा होतो. तिथंच डाव्या कानात शिट्टी बसली. बारीक, तार ओढल्यासारखी. थांबतच नाही.

खोलीत दोन खाटा, मोठी खिडकी. दुसरी खाट इस्त्रीवाल्याची. त्याला सगळे पैलवान म्हणतात. फुंकर मारली तर उडून जाईल असा आहे.

वही कशाला, तर कामावर घेताना कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी फोनवरचा आठ आठवड्यांचा कोर्स लावून दिला. म्हणाले, शिट्टी जाणार नाही, पण तिचा जाच कमी होईल. रोज लिहायचं की शिट्टी शून्य ते दहात किती, काय घडलं, मनात काय आलं, ते किती खरं, आणि दुसरं काय असू शकतं. पानाचा फोटो काढून पाठवला की कोर्सवाल्या बाई वाचून उत्तर देतात. सातवीत शाळा सोडली आणि आता घरचा अभ्यास! आईला सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला. फोन कानाला लावला की शिट्टी चढते, म्हणून मी तो टेबलावर ठेवून लांबूनच बोलतो.

आकडा ८.

गुरुवार, ५

बाईंचा पहिला धडा, शिट्टी म्हणजे धोका नाही. मेंदू तिला उगीच वाघ समजतो. मी लिहिलं, मनात आलं की डोकं भिंतीवर आपटावं. किती खरं, शंभर. बाई म्हणाल्या, दुसरा विचार लिहा. मी लिहिलं, उशीवर आपटावं. त्यावर बाईंचं उत्तर आलं, छान प्रयत्न. हसल्या नाहीत.

आकडा ८. काडीचा फरक नाही.

रविवार, ८

दुपारी पैलवान म्हणाला, कोर्स-बिर्स राहू दे, किडा शिरला असेल. मला आडवा पाडून टॉर्च घेऊन कानात बघायला लागला. त्याची मिशी माझ्या कानाला लागत होती. मी म्हटलं लवकर आटप, लोक काय म्हणतील. त्याने टॉर्च बंद केला, कानाला कान लावला. मग हळूच म्हणाला, अरे, हे तर वाजतंय. मला ऐकू येतंय.

एवढा आनंद झाला म्हणून सांगू! चार वर्षं लोक म्हणत होते तुझ्या डोक्यात आहे. घ्या आता.

सोमवार, ९

आकडा ६. आपोआप उतरला. बाईंनी आलेख पाठवलाय, रेघ खाली जाते तो, आणि वर एक चांदणी. पैलवानाचं त्यांना लिहिलं होतं. म्हणाल्या, सोबत्याने तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल.

पैलवान सकाळपासून विचारतोय, कुठला पंप चालू राहिलाय का.

शनिवार, १४

केस कापायला गेलो. न्हावी बोलका, माझी आख्खी वंशावळ काढली. डाव्या कानाशी आला आणि कात्री थांबली. त्याने पंखा बंद केला, रेडिओ बंद केला. मग वाकून माझ्या कानाशी कान आणला. म्हणाला, भाऊ, तुमच्यात काय बसवलंय? मी हसलो. तो हसला नाही.

रविवार, १५

आकडा ४. बाईंच्या दोन चांदण्या.

मला काही बरोबर वाटत नाहीये.

मंगळवार, १७

पैलवानाचा तळवा भाजला. गरम इस्त्री हातावर टेकवून उभा होता म्हणे, शेजारच्याने ओढलं तेव्हा कळलं. मी विचारलं, लेका झोप लागली होती का. म्हणाला, नाही, ऐकत होतो. माझी शिट्टी आठवर होती तेव्हाही मला इस्त्री कळली असती. त्याची कितीवर आहे विचारलं, तर म्हणाला दहाच्या पुढे काय असतं?

येताना न्हाव्याकडे डोकावलो. दुकान बंद. शेजारचा शिंपी म्हणाला, त्याने गिऱ्हाईकाच्या कानाला कात्री लावली. रक्त वाहतंय आणि हा तसाच वाकलेला. ऐकत होता म्हणे.

म्हणजे ती कमी होत नाहीये. जातेय. जो ऐकतो त्याच्याकडे. आणि तिकडे वाढतेय. पैलवानाला सांगितलं तर म्हणाला, माझं डोकं आधीच उठलंय, तुझ्या बाईंना सांग जा.

गुरुवार, १९

सांगितलं. तीन पानं लिहिली, हात दुखेपर्यंत. बाईंचं उत्तर, त्रासात असलेल्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे, बाजूने आणि विरुद्ध पुरावे दोन रकान्यांत लिहा.

पुरावा! न्हाव्याला पाकिटात घालून पाठवू? म्हटलं तुम्हीच फोन करा, ऐका. मग ते वाक्य खोडलं. बाईंना तरी कशाला.

डॉक्टरांकडे गेलो होतो. नळी कानात घालून ऐकतील, तक्त्यावर लिहितील, मग कुणी मला वेडा म्हणणार नाही. दारातून दिसले. डबा खात होते, गळ्यात नळी. परत आलो. कसं सांगणार त्यांना, ऐका म्हणून?

रविवार, २२

आईचा फोन चार वेळा वाजला. उचलला नाही. लांबून बोललं तरी जाते की नाही, कोण सांगणार? ताईचा निरोप आला, आई जेवत नाही, एवढा कसला मोठा साहेब झालास. खाली टिल्लीचा, म्हणजे तिच्या पोरीचा, फोटो. दोन वेण्या, पुढचे दात पडलेत.

मेंढरासारखा रडलो. पैलवानाने बघितलं.

बुधवार, २५

बाई म्हणतात मी टाळतोय. टाळण्याने भीती वाढते. या आठवड्याचा अभ्यास, आईशी अर्धा तास फोनवर बोला, फोन कानाला लावून. हे वाक्य त्यांनी ठळक केलंय.

मी लिहिलं, नाही.

त्या म्हणाल्या, नाही म्हणणाऱ्या विचाराला किती गुण द्याल? शंभर, बाई. शंभर. दोनशे.

शुक्रवार, २७

तीन रात्री जागा. आकडा ४. असू दे. चार माझे, मी सांभाळीन. आणखी कुणाला नाही. कानात कापूस, वरून पट्टी. कामावर सगळे हसतात. हसा.

पैलवान भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो.

रविवार, २९

दुपारी डोळा लागला. उठलो तर—

शांत. पंख्याचा आवाज. नळाचा थेंब. रस्त्यावर कुणीतरी सायकल ओढत नेतंय. चार वर्षांनी. तीन-चार श्वास मी नुसता हसत होतो.

मग उशीवर फोन दिसला. गरम. पट्टी सुटलेली, कापूस खाली.

पैलवान म्हणाला, तुझ्या आईचा फोन होता, मावशी रडत होत्या. तुला उठवायचा जीव होईना. म्हटलं, पोराचा श्वास तरी ऐकू दे त्यांना. कानाशी ठेवला. बावीस मिनिटं.

त्याच्या अंगावर धावून गेलो. हातच उठेना. त्याने चांगलंच केलं होतं ना.

आकडा ०.

आईला लावलाय. एका हाताने लिहितोय. बाईंना पुरावा हवा होता, घ्या.

उचलला. आधी शिव्या, मग रडणं. म्हणाली तुझं घोरणं ऐकून जिवात जीव आला. पण तेव्हापासून कानात काहीतरी वाजतंय रे, बारीक—

म्हणालो, आई, फोन कानात घट्ट दाब. माझं आहे ते. परत घेऊ दे. म्हणाली, खुळ्यासारखं काय बोलतोस. पण दाबला. मीही दाबलाय.

नुसता तिचा श्वास.

काही नाही. अजून काही नाही—

आई म्हणते कमी झालं! खरंच म्हणते, बरंच कमी झालं.

माझ्याकडे काही आलं नाही. ०. आकडा ०. मग गेलं कुठं—

आई हसतेय. म्हणते, टिल्लीलाही मामाचं ऐकायचंय, केव्हाची माझ्या कानाला कान लावून—

लांब कर. आई, लांब कर तिला. ओरडलो. आई म्हणते, ओरडतोस कशाला, पोर बघ किती शहाणी, एरवी घटकाभर गप्प बसत नाही, आता कशी डोळे मोठे करून ऐकत—