विलगीकरण कक्षातूनच रुजू करून घेण्याबाबत

क्लेटन, मेलबर्न
दि. १४ ऑगस्ट २०२०

प्रति,
मा. प्राचार्य,
रावजी टोणपे अभियांत्रिकी महाविद्यालय,
लातूर

विषय : अभ्यास रजेची मंजूर मुदतवाढ रद्द करून विलगीकरणाच्या काळातच कामावर रुजू करून घेण्याबाबत.

संदर्भ : मुदतवाढीचा आपला आदेश, दि. १५ जून २०२०.

महोदय,

मी आपल्या संगणक विभागात सहायक प्राध्यापक असून पीएच.डी.साठी अभ्यास रजेवर येथील विद्यापीठात आहे. विमाने बंद आणि प्रबंध अपूर्ण, या कारणांस्तव मी मुदतवाढ मागितली व आपण ती तत्परतेने दिलीत. त्या अर्जात खोटे काही नव्हते. तरीही ती मुदतवाढ परत घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी हा अर्ज आहे.

माझे संशोधन प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रोग्रामवर आहे. सॉफ्टवेअरचे तपासून ठेवलेले सुटे भाग, म्हणजे कंपोनंट, तयार असतात. काय हवे ते सांगितले की जनरेटर त्यांतले योग्य भाग निवडून, जोडून, पूर्ण प्रोग्राम देतो. मार्चमध्ये येथील प्रयोगशाळेला कुलूप लागले. तेव्हा आपल्या परवानगीने विभागातील श्रीमती शोभा वाघधरे यांनी माझ्या जनरेटरची चाचणी आपल्या महाविद्यालयात घेतली. माझे तासही त्याच ऑनलाइन घेत होत्या.

जनरेटरने हजेरीचा भाग आणि परीक्षा अर्जाचा भाग जोडून प्रोग्राम दिला. दोन्ही भाग वेगवेगळे तपासले असता निर्दोष होते. जोडल्यावर मात्र, ज्यांच्या गावात नेटवर्क नव्हते ते विद्यार्थी गैरहजर ठरले आणि त्यांचे परीक्षा अर्ज आपोआप नाकारले गेले. परीक्षार्थींच्या यादीत श्रीमती वाघधरे यांना ओळखीची नावे दिसेनात, म्हणून शंका आली. त्यांनी एकेका घरी फोन लावून अर्ज पुन्हा भरून घेतले आणि नंतर मला फक्त एवढेच म्हणाल्या, "सर, पार्ट बरोबर आहेत, जोड चुकतोय. यावर कुणीतरी नीट काम करायला पाहिजे." मी ते प्रबंधात 'पुढील संशोधनाची दिशा' म्हणून एका परिच्छेदात घातले. त्यांचे आभारही मानले.

गेल्या आठवड्यात सहकारी प्रा. उल्हास बिडवे यांच्याशी बोलताना कळले, की त्या कामाला श्रीमती वाघधरे स्वतःच निघाल्या होत्या. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत त्यांची निवड झाली आहे. रजेचा आदेश ३१ ऑगस्टपर्यंत तेथे पोहोचला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाईल. परंतु एका विभागातून एका वेळी एकालाच अभ्यास रजा, या नियमावर बोट ठेवून त्यांचा अर्ज परत आला आहे. ती एक रजा माझ्याकडे आहे.

"त्या मला बोलल्या का नाहीत?" असे मी श्री. बिडवे यांना विचारले. ते म्हणाले, "काय बोलणार? तुझी रजा वाढली तेव्हा ग्रुपवर पहिलं अभिनंदन तिनेच टाकलं होतं." मी तो निरोप पुन्हा उघडून पाहिला. त्याखाली मी अंगठ्याचे चिन्ह टाकून पुढे गेलो होतो.

माझी पत्नी तेजश्री ग्लेन वेव्हर्लीच्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तेथे निम्मा स्टाफ आजारी आहे, त्यामुळे ती येऊ शकत नाही. आणि सीमा बंद असल्याने एकदा निघालो की मला परतता येणार नाही. मी हे सांगितले तेव्हा ती शिफ्टला निघाली होती. मास्क बांधत म्हणाली, "इथे राहून रोज तोंड पाडून बसणार असशील, तर जा. मी मॅनेज करते." एकीची वाट मोकळी करताना दुसरीला अशा दिवसांत एकटे सोडत आहे, हे मला समजते. याचा आपल्या कार्यालयाशी संबंध नाही, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

येत्या बुधवारच्या खास विमानात मला जागा मिळाली आहे. दिल्लीत विलगीकरण, नंतर घरी पुन्हा तेच; म्हणजे ३१ तारखेपूर्वी मी महाविद्यालयाच्या दारात उभा राहू शकत नाही. सबब, दिल्लीतील कक्षात शिरेन त्याच दिवशी मी रुजू झालो असे समजावे. रुजू अहवाल ईमेलने पाठवीन व दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या वर्षाचे तास खोलीतून घेईन. हजेरीपटावर प्रत्यक्ष सही लागत असेल, तर ते दिवस माझ्या अर्जित रजेतून वजा करावेत. तेही नियमात बसत नसेल, तर मला विनापरवानगी गैरहजर धरावे व सेवापुस्तकात तशी नोंद घ्यावी. गैरहजर माणूस अभ्यास रजेवर नसतो, एवढेच मला हवे आहे.

प्रबंध लातूरहून पूर्ण होईल का, यावर माझ्या मार्गदर्शकांनी "प्रयत्न करून पाहा" एवढेच म्हटले आहे. मी तो करीन.

शेवटी एक विनंती. या अर्जाची प्रत श्रीमती वाघधरे यांना त्यांचा आदेश निघेपर्यंत देऊ नये. त्यांना कळले तर त्या मला फोन करून "सर, आधी तुमचं पूर्ण होऊ द्या" असे म्हणतील, आणि मी त्यांचे ऐकेन, अशी मला भीती वाटते.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
हेमचंद्र मुरलीधर पाथ्रीकर
सहायक प्राध्यापक, संगणक विभाग

सोबत : विमान तिकिटाची प्रत, मार्गदर्शकांचे पत्र.