बॉनेटखालचं कुंकू

३ नोव्हें.
सकाळी ९.४०. टक्. इंजिन थंड. दिवे झकास, हॉर्न दणदणीत, म्हणजे बॅटरी ठीक. सहाव्या चावीला चालू. उंद्रीच्या शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपली होती. मुख्याध्यापिकाच उशिरा, छान.

ही वही गॅरेजवाल्या सलीमनेच लावून दिली. "बाई, गाडी जवा जवा रुसते तवा लिहून ठेवा. टाइम, थंडी का गरम, आवाज आला का नाही." दिवाळीच्या सुट्टीत त्यानं स्टार्टर खोलून साफ करून दिला. चार दिवस चालली अन् पुन्हा तेच. परवा त्याच्या दुकानासमोर, भर चौकात मी म्हणाले, "माझा ओरिजिनल स्टार्टर काढून घेतला अन् भंगारातला बसवला. चोर आहेस तू." चहाच्या टपरीवरचे सगळे उठून पाहत होते. तो हातात पाना धरून उभा. एवढंच म्हणाला, "बाई, सायेबाच्या टायमापासून ही गाडी माह्या हातात हाये."

खरं सांगायचं तर बोलताना बरं वाटलं. हे गेल्यापासून कोणावर ओरडले नव्हते.

६ नोव्हें.
दोनदा टक्. एकदा थंड, एकदा गरम. मेळ लागत नाही.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये स्टार्टरचा किस्सा रंगवून सांगितला. काळे सर म्हणाले, "ते लोक तसेच असतात, बाई." मी डबा उघडत होते. उघडतच राहिले. मी एका माणसाला बोलले होते, लोकांना नाही. हे म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. भेंडीची भाजी संपवली.

१० नोव्हें.
रजा टाकून गाडी चिखलीला मोठ्या वर्कशॉपात नेली. मिस्त्री खाली शिरला, स्टार्टरवरचा नंबर पुसून वाचला, कागदाशी ताडून पाहिला. "मॅडम, कंपनीचाच आहे. पहिल्यापासूनचा. कोन्या तरी चांगल्या हातानं साफ केला, कार्बनही नवे टाकले."

"नक्की?"

"आता नंबर काय खोटं बोलते का?"

तिथं दहा वेळा चावी फिरवली, दहाही वेळा चालू. "बिमारीच दिसून नाही राह्यली, तर करू काय?" मिस्त्रीनं हात धुतले. साखरखेर्ड्यापर्यंत मी सलीमला काय सांगायचं ते घोळवत आले. गाव आलं तशी चौक सोडून मागच्या गल्लीत वळले.

११ नोव्हें.
चालू. चालू. टक्. पुन्हा मागच्या गल्लीतून. स्वतःच्या गावात लपून जाते मी, अन् चोर त्याला म्हणाले.

१५ नोव्हें.
शाळेचा व्हॅनवाला संजू फाटकात भेटला. "बाई, तुम्ही सांगतलं तवापासून दोन्ही व्हॅन सलीमकडं टाकणं बंद. आमच्यापायी बाकीचेबी जात नाहीत." जसं काही माझंच काम केलं. मी म्हणाले, "हो का?"

हो का! चौकात जीभ हातभर बाहेर होती, आज कुठं गेली? माझ्या एका वाक्यानं त्याचं दुकान ओस पडलं अन् मी हो का म्हणते.

१९ नोव्हें.
व्हायचं तेच झालं. चौकात, सलीमच्या दुकानापासून वीस पावलांवर, टक्. मागं ट्रॅक्टरचा हॉर्न.

तोच आला. ना नमस्कार ना काही. "चावी फिरवा." टक्. बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डब्यावर पान्याची दांडी हळूच ठोकली. "आता." चालू! मग बंद करायला लावून डब्याचं झाकण काढलं. आत हिरवट-पांढरा बुरशीसारखा क्षार. स्टार्टरला करंट पोचवणारा रिले उपसला तर त्याच्या खाली लाल झालेल्या चार अक्षता चिकटलेल्या. नखानं काढून त्यानं माझ्या हातावर ठेवल्या.

"बाई, दसऱ्याले नारळ कुठं फोडला होता?"

यांचा नेम होता, दसऱ्याला बॉनेट उघडून इंजिनालाही नारळपाण्याचे दोन थेंब द्यायचे. यंदा पहिल्यांदाच मी एकटी. दोन थेंबांनी मन भरेना. कुंकू, अक्षता टाकल्या अन् अख्खा नारळ ओतला. रडत होते, पाणी कुठं जातं ते पाहिलंच नाही.

"माहंबी चुकलं," तो म्हणाला. "पहिले हाच डबा खोलाले पायजे होता, मी स्टार्टरच्या मागं लागलो." रिले घासून बसवला. "आठ-दहा दिवस चालन. मंग नवा टाका लागते."

मी पर्समध्ये हात घातला. तो म्हणाला, "राहू द्या. जिथं बोलल्या, तिथंच सांगा. बस."

२० नोव्हें.
एका चावीत चालू. चौकात गेले नाही. शाळेत तपासणी होती.

२२ नोव्हें.
एका चावीत. गेले नाही. डोकं दुखत होतं. (दुखत नव्हतं.)

२५ नोव्हें.
एका चावीत. स्टाफरूममध्ये अक्षतांचं सगळं सांगून टाकलं. काळे सर हसले, "म्हणजे तुमचीच पूजा नडली की!" मी म्हणाले, "अन् ते लोक तसेच, हे तुम्ही म्हणालात ते, सर? मी ऐकून घेतलं ते?" सरांनी पेपर तोंडासमोर धरला.

स्टाफरूम सोपी. चौक बाकी आहे.

२९ नोव्हें.
शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर सरळ चौकात. टपरीसमोर गाडी लावून उतरले. संजू होता, त्या दिवशीचे तिघं-चौघं होते. वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "सलीमभाईंनी माझं काही चोरलं नाही. स्टार्टर माझाच आहे. पाणी मी ओतलं होतं. मी खोटं बोलले, माझी चूक झाली."

संजू बशीतला चहा फुंकत राहिला. कोणीतरी म्हणालं, "बरं बरं, बाई." दुकानात सलीमभाईंनी मान वर केली नाही. झालं, एवढंच. इतके दिवस ज्याला भ्याले ते एका मिनिटात संपलं, अन् कोणाचं काही हललं नाही.

गाडीत बसले. चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्.

धक्का द्यायला दोघं उठले. मी नको म्हणाले. बॉनेट उघडं ठेवून दुकानाच्या पायरीशी गेले. "सलीमभाई, नवा रिले टाकायचा आहे."

"तुमच्या आधी नंबर हाये, बाई. बसा."

पाऊण तास झाला. पायरीवर बसून हे लिहून राह्यले. दुकानात दुसरी एकही गाडी नाही.