हेल्मेटात डोम, डोकं उघडं

प्रिय बाबा,

रागात लिहिते आहे, हे आधीच सांगते. तब्येत विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. आज पोलीस ठाण्यातून तुमचं हेल्मेट परत मिळालं.

स्कूटर गेल्या वर्षीच सोडवून आणली होती. हेल्मेट मात्र कागदपत्रांत अडकलं होतं, ते आता केस बंद झाल्यावर मोकळं झालं. हवालदारानं पोत्यातून काढून टेबलावर ठेवलं, रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "मॅडम, हेल्मेट तं नवं कोरं आहे. घातलं नव्हतं काय त्यायनं?"

नव्हतं घातलं. त्यात माझा डोम ठेवला होता.

डोम म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागलं. कॅमेरा पाण्यात न्यायचा तर तो बंद डब्यात ठेवावा लागतो, आणि डब्याच्या तोंडाशी, लेन्ससमोर, एक पारदर्शक अर्धगोल बसवतात. तोच डोम. मी हेल्मेटात हात घालून तो बाहेर काढला. तुमच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला होता, अगदी तान्ह्या पोरासारखा. दुपट्टा थोडा सरकवून पाहिलं, कुठे टवकाही उडालेला नव्हता. हवालदार कौतुकानं म्हणाला, "काहीच नाही झालं याले." मी सही केली आणि दोन्ही घेऊन बाहेर पडले.

कन्हानच्या पुलाअलीकडे रस्त्यावर रेती सांडली होती. स्कूटर घसरली. तुमचा वेग तो केवढा, मागून सायकलवाले घंटी मारायचे तुम्हाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हेल्मेट डोक्यात असतं तर दोन टाके घालून घरी पाठवलं असतं. मी म्हटलं, हेल्मेट होतं. त्यांना वाटलं, मला धक्का बसलाय.

एवढा शहाणा माणूस असं कसं करू शकतो, बाबा? आयुष्यभर लेथवर काम केलंत. केसाएवढा फरक बोटाला कळायचा तुम्हाला. आणि डोकं कशात ठेवायचं नि प्लास्टिकचा अर्धगोल कशात, एवढं कळलं नाही?

सुरुवात माझ्यापासून झाली, मान्य. लग्नांचे फोटो काढून मला कंटाळा आला होता. रामटेकजवळच्या तळ्यात शिंगाडे काढणारी माणसं मी पाहिली होती, छातीभर पाण्यात वेलांमधून सरकणारी. मला असा फोटो हवा होता की फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात माणसाचा चेहरा, पानं, आभाळ, आणि खालच्या अर्ध्यात पाण्याखालचे पाय आणि लोंबणारी मुळं. एकाच फोटोत दोन्ही. त्यासाठी मोठा डोम लागतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला बसेल असा तयार डबा आता कुणी बनवत नाही, हे मी तुम्हाला रडत सांगितलं. कॅमेऱ्यासाठी पाण्यात नेता येणाऱ्या पिशव्या मिळतात, तेही सांगितलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "पिशवीत भाजी आणतेत वं. थांब, मी पाहतो."

तुम्ही पाहिलंत. इतवारी बाजारातून अॅल्युमिनियमचा जाड पाइप आणलात, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर चढवलात. पाठीमागे पारदर्शक झाकण लावलंत. झाकणाला आधी आईच्या कुकरचं रबर लावून पाहिलंत आणि दोन दिवस शिव्या खाल्ल्यात. मग पाण्याच्या पंपाच्या दुकानातून बरोबर मापाची ओ-रिंग शोधून आणलीत. त्या रिंगवर एक केस अडकला तरी पाणी शिरतं म्हणून मला अंबाडा घालायला लावायचात. बटणासाठी भोक एकच पाडलंत, कारण जितकी भोकं कमी तितकी भीती कमी. "बाकीचं सगळं बाहेरूनच ठरवून ये," म्हणालात. म्हणून मी फोकस फूटभरावर लावून त्यावर टेप चिकटवायला शिकले. डोममधून लेन्सला लांबचंही जवळ दिसतं, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही, पण टेप तुम्हीच कापून द्यायचात.

आणि तुमचा तो नियम. डबा आधी रिकामा बुडवायचा. आत कागदाचा बोळा ठेवायचा, तासभर पिंपात दाबून धरायचा, बोळा कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. दहा वेळा कोरडा निघाला तरी अकराव्या वेळी तुम्ही तेच करायचात. स्वतःच्या जिवाला मात्र एकही नियम लावला नाहीत.

मग तो ओरखडा. डोम तुम्ही भाजीच्या थैलीत घालून स्कूटरच्या हुकाला लटकवलात, आणि त्याच थैलीत पाना. डोमवर बोटभर लांब ओरखडा. त्या संध्याकाळी मी तुम्हाला जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला पाठ असेल. शेवटी म्हणाले, लिहून घ्या. डोम ज्यात न्यायचा ते बाहेरून टणक पाहिजे, आतून मऊ पाहिजे, गोल पाहिजे, आणि आत हलायला जागा नको. तुम्ही खरंच वही काढून लिहून घेतलंत. ड्रॉइंग घेतल्यासारखं, एकाखाली एक. वर विचारलंत, "अजून काही?" मी उत्तर दिलं नाही. पुढचे तीन दिवस दिलं नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही रिकामा डबा घेऊन रामटेकला गेलात. आणि मी सांगितलेल्या मापात बसणारी वस्तू घरात एकच होती.

हे मला वर्षभर माहीत आहे, बाबा. वही मी त्याच आठवड्यात पाहिली होती, यादीच्या खाली तुम्ही 'हेल्मेट' लिहिलं होतं. कुणाला सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, बिचारी कुणाशी बोलत नाही, फार हळवी आहे. हळवी कसली? मला स्वतःचाच राग येत होता, आणि तो मी दिसेल त्याच्यावर काढत होते. शिंगाड्याच्या तळ्याचे नथ्थूभाऊ तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आले होते, पिशवीभर शिंगाडे घेऊन मागच्या रांगेत बसले. यांच्या तळ्यावर गेला नसता तर बाप वाचला असता, असं मनात धरून मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. स्कूटरबरोबर परत आलेला डबा आईनं भंगारात दे म्हटलं, तर तिच्याशीही भांडले. तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात राहून मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलतो.

आज घरी येऊन दुपट्टा पूर्ण सोडला. डोमच्या कड्यावर तुम्ही खिळ्यानं बाण कोरलाय. बाणाच्या बाजूला लिहिलंय, 'खाली'. बाण त्या ओरखड्याकडे.

मी माळ्यावरून डबा काढला, त्यावर डोम बसवला. गच्चीवर पिंपात धरला, ओरखडा खालच्या अंगाला करून, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. मागच्या झाकणातून पाहिलं. ओरखडा नव्हता. पाणी त्या खाचेत भरतं आणि ती दिसेनाशी होते. डबा उलटा केला, ओरखडा वर, हवेत, ढळढळीत. पुन्हा सुलटा केला, गेला. पुस्तकांत वाचलं होतं मी हे कधीतरी. फोटोग्राफर मी आहे, बाबा. ओरडण्याआधी एकदा पाण्यात धरून बघायचं मला सुचलं नाही.

नथ्थूभाऊंना फोन लावला. वर्षानं. त्यांनी आवाज लगेच ओळखला, मी बाणाचं विचारलं. मग म्हणाले, "तुह्या बाबानं त्या दिवशी लय गंमत केली वं. कमरेइतक्या पाण्यात उभा, अन् डब्याले डोळा लावून पाहून राहिला. डबा उलटा करे, सुलटा करे. मग हासाले लागला. मलेही पाहाले लावलं. बांधावर बसून खिळ्यानं काहीतरी कोरलं."

मी विचारलं, मला फोन का नाही केला त्यांनी?

"म्या म्हटलं ना त्याले, लाव पोरीले फोन. तो म्हणे, नाही गा, तीन दिवसांची बोलली नाही मले. घरी जाऊन तोंडासमोर दाखवतो."

तोंडासमोर दाखवायचं होतं. एक फोन केला असतात, "सुजाता, ओरखडा पाण्यात दिसत नाही," एवढं बोलला असतात, तर मी काय उचलला नसता? नसता उचलला कदाचित. याच शंकेची मला सगळ्यात जास्त चीड येते. मग ओरखडा दिसत नाही हे कळल्यावर तरी त्या डोमला एवढं जपायचं काय कारण होतं? थैलीत टाकायचा. अजून दहा ओरखडे पडले असते. पडू द्यायचे होते.

मी गच्चीवर मोठ्यानं रडत होते तेव्हा आई वर आली. तिला सगळं सांगितलं. वहीसुद्धा. मला वाटलं, आता ती मला कधी माफ करणार नाही. ती पिंपाजवळ बसली, डोम हातात घेतला, बाणावरून अंगठा फिरवला. मग तुमच्यावरच भडकली. "त्यायनं मले काहून नाही म्हटलं? मी बसली असती ना मागं, मांडीवर घेऊन. त्या तळ्यावर येतं काय म्हणून एकदा तरी विचारलं काय मले? तुम्ही दोघं बापलेक वर्षभर पाणी-पाणी करून राहिले अन् मी खाली भाकरी थापून राहिली."

ऐकताय ना? आम्ही दोघी तुमच्यावर रागावलो आहोत, आणि पहिल्यांदाच एका बाजूनं. मग ती डोम पुसता पुसता म्हणाली, "नथ्थूभाऊले विचार, कधी येऊ म्हणून."

रविवारी त्यांची शेवटची तोडणी आहे. आई आणि मी सकाळच्या एसटीनं निघू. डोम तिच्या मांडीवर असेल. फोटो येईल की नाही माहीत नाही. यंदा पाणी गढूळ आहे, असं नथ्थूभाऊ म्हणाले.

वचन एकच देते, आणि ते पाळीन. रागावणं माझ्यानं सुटणार नाही, ते तुमच्याकडूनच आलंय. पण अबोला पुन्हा धरणार नाही. आईशी नाही, कुणाशीच नाही. तुमच्याशीही नाही. तुमच्या त्या "अजून काही?"चं उत्तर द्यायला मला एक वर्ष आणि तीन दिवस उशीर झाला, बाबा. अजून काही नाही. एवढंच पुरे होतं.

अजूनही रागावलेली,
सुजाता