गाडीचा आवाज बसल्याबद्दल

नोर्रबीन, ऑक्टोबरचा पहिला रविवार

आदरणीय सिक्स्टेन भावोजींना,
गुन्वोरचा सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं आणि सेस्सा कुत्री धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? उप्सालाला मुरांबा पोचला असेलच. बरणी परत पाठवा असं मी म्हणणार नाही, पण झाकण तरी पाठवा.

लिहायचं आहे ते तुमच्या धाकट्या बंधूंबद्दल. जूनमध्ये होल्गरने जाहीर केलं, की आपल्या गाडीचा आवाज बसला आहे. रोज सकाळी बॉनेट उघडून त्यात डोकं घालायचा आणि डॉक्टरसारखा मान हलवायचा. मला तर गाडी नेहमीसारखीच ऐकू येत होती, पण एक्केचाळीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं ते मी शिकले आहे. मग सेस्साचं भुंकणंही बारीक झालं (म्हातारी झाली म्हणे, चार वर्षांची आहे), चर्चमधली पाद्रीबाई पुटपुटायला लागली आणि भिंतीवरच्या घड्याळाने टोले देणं सोडलं. मला वाटलं, नवा सायलेन्सर घ्यायचा आहे म्हणून सबबी चालल्या आहेत. तर आम्ही स्तिगच्या गॅरेजात गेलो. मला जायची गरज नव्हती, पण माझा स्वभाव चौकस (तुम्ही भोचक म्हणता, मला माहीत आहे).

भावोजी, सायलेन्सरच्या पोटात काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे? स्तिगने एक जुना मधोमध कापून ठेवला होता. आत लोकर! लोकरीसारखं काहीतरी, आणि भोकं पाडलेल्या नळ्या. आवाज त्यात फिरून फिरून दमतो आणि मग बाहेर पडतो. मी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. यात उंदीर घरटं करत नाहीत का, ही लोकर ओली झाली तर, असं सगळं विचारलं. शेवटी स्तिग म्हणाला, "वहिनी, उद्यापासून गॅरेज तुम्हीच चालवा." होल्गरने निवडलेल्या नव्या पाइपात मधे काहीच नाही, आवाज तडक बाहेर. तो बसवला, होल्गरने गाडी चालू केली आणि म्हणाला, "अजून जरा मोठा बघ." मग त्याहून जाड पाइप. मग मधला डबाही काढला. तेव्हा शेडवरचे पक्षी उडून गेले, आणि होल्गर म्हणाला, "हां, आता कुठे फायरिंग लागलं!"

तेव्हापासून गावाला आम्ही कधी दूध आणायला निघतो ते कळतं. शिकारीच्या टोळीचा म्होरक्या इंग्व्हार, त्याचा फोन आला: "वहिनी, होल्गर या गाडीतून जंगलात आला तर आपली सगळी एल्क हरणं नॉर्वेला जातील. त्याला म्हणावं, पायी ये."

गेल्या मंगळवारी गाडीची वार्षिक तपासणी होती. तपासनीस मुलीने स्वतःच्या कानांवर जाड झाकणं चढवली, पाइपामागे आवाज मोजायचं यंत्र धरलं आणि तिच्या सोबत्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. फळीवरचे कॉफीचे कप नाचायला लागले. होल्गर बंपरला टेकून उभा होता. तो अदबीने वाकला आणि त्या मुलीला म्हणाला, "बाई, चालू केलीत का?"

सगळे हसले. मीही हसले. मग त्याचा चेहरा पाहिला. तो थट्टा करत नव्हता.

माझं हसू तिथेच विरलं. मला गेल्या वर्षीची शिकार आठवली. घोड्याएवढं एल्क त्याच्या पाठीमागून बारा पावलांवरून गेलं आणि हा सँडविच खात बसला होता. "फार हलक्या पायाचं जनावर," म्हणाला. दर शिकारीला दलदलीकाठच्या त्या जागेवर तो अडतीस वर्षं उभा राहतो आहे. कुत्र्याचं भुंकणं आणि वॉकीटॉकी ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हाती इंग्व्हार बंदूक देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पण ती जागा गेली तर होल्गर कोण उरेल, याची मला भीती वाटते. मी त्याला काही बोलायला गेले तर तो लाकडं फोडायला जातो. चार हिवाळे पुरतील एवढी फोडून झाली आहेत.

गाडी अर्थातच नापास झाली. जुना सायलेन्सर परत बसवायचा आहे. बाकी सर्व क्षेम.

आपली,
गुन्वोर

ता.क. शिकार उद्या नव्हे, पुढच्या सोमवारी सुरू होते. तुम्ही शनिवारी या, आणि कानात ती तुमची यंत्रं घालून या. समजूत घालायची नाही. जेवताना नुसतं म्हणायचं, "व्वा, सारस ओरडताहेत." तुमच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्याला लहानपणीच्या तुमच्या सायकलीपासून सहन झालेलं नाही.

ता.क. २. फोन करू नका. तारा खराब आहेत, असं तो म्हणतो.

ता.क. ३. तपासणीहून परतताना तो फुरंगटून बसला होता, म्हणून गाडी मी चालवली. लाकडाच्या गिरणीपुढच्या सरळ रस्त्यावर मी एकदा अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला. (दोनदा.) त्याला माहीत नाही. नवा पाइप फेकू नकोस, असं मी स्तिगला सांगून ठेवलं आहे.

दादा, तिने पाकीट तिकीट लावायला माझ्याकडे दिलं. माझे डोळे शाबूत आहेत. शनिवारी ये. मी हेवा केल्यासारखं करीन, तिला बरं वाटेल. यंत्राचे जादा सेल घेऊन ये. आणि गिरणीपाशी तिने दोनदा नाही, तीनदा दाबला. तिसऱ्यांदा मला थोडं ऐकू आलं. — होल्गर