पाचव्या वळणाआधीची खाच

रविवार, ५ जानेवारी

एक मिनिट तेवीस पूर्णांक आठ. किंवा चोवीस पूर्णांक एक. किंवा देव जाणे!

मी कुंपणापाशी स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. संचिताने गाडीतून उतरून हेल्मेट काढलं, विचारलं, "किती?" – आणि मला सांगता येईना. अंगठा आधी दाबला की उशिरा, माझं मलाच ठाऊक नाही. आठवडाभर वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये मी लोकांचे वजनकाटे, दाबमापक तपासतो, सर्टिफिकेटवर सही करतो. आणि स्वतःच्या बायकोची वेळ अंगठ्याने मोजतो. लाज वाटली.

नऊ मार्चला निवड. महिलांच्या शर्यतीत उतरायचं तर घाटावरच्या या ट्रॅकची एक फेरी एक मिनिट बावीस सेकंदांच्या आत हवी. वयाची अट बेचाळीस. संचिताला ऑगस्टमध्ये बेचाळीस पूर्ण होतील. म्हणजे हे एकच वर्ष.

येताना म्हणाली, "छान चालवतेस असं सांगू नकोस. वेळ कुठे जातो तेवढं शोधून दे."

बुधवार, ८ जानेवारी

मोबाइलचं ॲप बाद. मोबाइल सेकंदाला एकदाच विचारतो – मी कुठे आहे? सरळ रस्त्यावर संचिता एका सेकंदात तेहेतीस मीटर जाते. तेवढ्यात कोपरीतलं आमचं जुनं घर, मधली बोळ आणि शेजारच्यांचं घर, सगळं मावतं. म्हणजे ती नक्की कुठल्या घरात आहे हेच कळणार नाही!

सेकंदाला पंचवीस वेळा जागा टिपणारी पेटी मिळते. साबणाच्या वडीएवढी. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांना विचारून घेते. संध्याकाळी गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेलो आणि उगाच वर बघत राहिलो. आत्ता या क्षणी ते तिथे आहेत. त्यांना विचारलं तर माझी बायको कुठे आहे ते सांगतील.

शनिवार, ११ जानेवारी

ठाण्याला दुकानात अडीच तास. पेटी घेतली. गाडीच्या संगणकातून ॲक्सिलरेटर किती दाबला ते वाचणारं खुंटीएवढं यंत्र घेतलं. कॅमेऱ्यावर अडलो. विकी म्हणून दुकानदार – "सर, हलणं काढून टाकणारं सेटिंग चालू ठेवा, एकदम मख्खन व्हिडिओ!" म्हटलं, मला मख्खन नकोय, गाडी हलते ते दिसायला हवं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हॉटेलात जाऊन जळकी पोळी मागितली.

काचेला चिकटणारा रबरी स्टँड नाही घेतला. सुटला तर तिच्याच डोक्यात बसेल. सीटमागच्या लोखंडी दांड्याला बोल्टने आवळणारा घेतला, वर एक दोरी.

दर क्षणाला पुढे आहात की मागे हे चालवतानाच दाखवणारा पडदाही होता. बराच वेळ हातात धरला. नको. तिच्यासमोर असा हिशेब सतत कशाला? ठेवून दिला.

घरी येताना वाटलं, हे मी तिच्यासाठी घेतोय की माझ्या हौसेसाठी? खरं सांगायचं तर सकाळपासून खूप खूश होतो.

रविवार, १९ जानेवारी

फजिती!

पेटीच्या म्हणण्याप्रमाणे संचिताची गाडी तिसऱ्या फेरीत कँटीनमधून गेली, चौथीत टेकडीवर चढली. मी सेटिंग्ज तपासतोय, केबल तपासतोय, घामाघूम. शेवटी डॅशबोर्डवर हात घातला. पेटीवर पितळी पत्र्यावर उठवलेली एकवीरा आई! दोन्ही बाजूंनी टेपने पक्की चिकटवलेली. काल निळज्याला सासऱ्यांनी, म्हणजे धाकूमामांनी, गाडीची पूजा केली, तेव्हाच.

तिथूनच फोन लावला. धाकूमामा शांतपणे म्हणाले, "जावयबापू, यंत्रावं आई नको तं काय सीटखाली ठेवू?"

"मामा, पितळेतून उपग्रह दिसत नाहीत."

"आईला दिसतान ना? मंग?"

संचिता हसून हसून खाली बसली. देवी ग्लोव्ह बॉक्समध्ये नको म्हणून मागच्या काचेपाशी नेली, पेटी छतावर चुंबकाने बसवली. पण दिवस गेला.

रविवार, २ फेब्रुवारी

एक बावीस पूर्णांक नऊ. आता ही वेळ खरी. मी सही करीन हिच्यावर.

सोमवार, ३ फेब्रुवारी

रजा टाकली. कॉम्प्युटरसमोर बसलोय सकाळपासून. कसं लिहू?

अकरा फेऱ्या. प्रत्येकीची वेगाची एक रेघ – वर चढते, ब्रेकला कोसळते, वळणातून पुन्हा उठते. अकरा रेघा एकावर एक ठेवल्या. मला वाटलं चूक झाली, एकच दिसतेय. मोठी करून पाहिली. अकराच होत्या! दोन किलोमीटरच्या फेरीत ती अकराही वेळा जवळजवळ त्याच जागी ब्रेक दाबते, त्याच जागी सोडते. आमच्या लॅबमधलं यंत्र इतकं सारखं वागलं तर आम्ही पेढे वाटू.

अठरा वर्षं या बाईच्या शेजारी बसून मी सांगत आलो – सांभाळून, बेफाम चालवू नकोस. बेफाम! एकही रेघ बेफाम नाही. मी काय पाहत होतो इतकी वर्षं?

आणि एक खाच. पाचव्या वळणाआधीच्या सरळ पट्ट्यावर, जिथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा तिथे, तो थोडा सुटतो आणि पुन्हा दाबला जातो. अकराही फेऱ्यांत. तिथेच जवळजवळ सेकंद जातोय. सापडलं!

संचिता क्लासच्या मुलांना गाडीने घरी सोडून आली. दाखवलं. "हॅ! तिथे मी पाय उचलतच नाही."

मी रेघ मोठी केली. ती खुर्ची ओढून बसली. खाचेवर बोट ठेवलं.

"मी उचलते?"

तिच्या पायाने केलेलं तिलाच माहीत नाही. खुंटीएवढ्या यंत्राला माहीत आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

धाकूमामा आले होते. तरुणपणी छकड्याच्या शर्यती गाजवलेला माणूस. बैलाच्या कानावरून सांगायचे म्हणे, कुठे दम सोडणार. त्यांना व्हिडिओ लावून दिला. चहा थंड झाला तरी नजर हलेना. चौथ्या फेरीला म्हणाले, "थांबवा. ती कुनाकरं बगतंय?"

मागे नेलं. एकेक चित्र पुढे सरकवलं. पाचव्या वळणाआधी तिचं हेल्मेट जेमतेम दोन बोटं डावीकडे वळतं. डावीकडे कुंपण. कुंपणापाशी निळी टोपी.

मी.

"मालक बांदावं उबा रायला का बैल वल्तंच त्याच्याकरं," मामा म्हणाले. "बैलं माज्या दादाची, मी तं त्याला शर्यतीच्या दिवशी घरान कोंडून ठेवाचो."

स्वयंपाकघरातून संचिता ओरडली, "बाबा, मी बैल आहे का?"

"नाय गो पोरी. बैल ऐकतंय."

सगळे हसलो. मी जरा कमी.

रविवार, १६ फेब्रुवारी

ठरल्याप्रमाणे दिवसभर कँटीनमागे बसलो. ट्रॅक दिसत नाही तिथून, नुसता आवाज. ट्रॅकवर शिकवणारे नयन सर म्हणाले, मॅडमना आज बोलत चालवू द्या – काय दिसतं, काय करताय, मोठ्याने. हेल्मेटमध्ये छोटा माइक बसवला. खरं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी कागद परत केला असता.

एक बावीस पूर्णांक सात. खाच आहेच! मी नव्हतो, तरी आहे.

खरं लिहायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. दोष माझा नाही म्हणून.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपारी डबा खाताना लॅबमध्येच इअरफोन लावून माइकचं रेकॉर्डिंग ऐकलं. इंजिनाच्या घरघरीवर तिचा आवाज, एकदम ताजा – "ब्रेक. वळ. वळ. सोड, सोड, आता दे..." तिला असं कधी ऐकलंच नव्हतं. जेवायचं विसरलो.

मग पाचव्या वळणाआधी. आवाज एकदम खाली येतो. हलकेच, लहान मुलाला सांगावं तसं –

"हळू गं. हळू."

पुढची फेरी. "हळू गं. हळू." पुढची. प्रत्येक. माझे शब्द. माझा हेल. तो 'गं' किंचित लांबवायचा, तोही माझाच.

टोपी कुंपणापाशी असो नसो. मी गाडीतच आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ऐकवायचं की नाही? निवडीला तीन आठवडे. कळल्यावर ती आणखी अडखळली तर? न सांगता मी नुसता तांत्रिक सल्ला देऊ शकतो – पाय दाबून ठेव. पण ते तिचं आहे. तिच्या तोंडचं. मी कोण दडवणार? आणि दडवतोय ते तिच्यासाठी की माझी लाज झाकायला?

ऐकवलं. तिने इअरफोन काढले. हातात गुंडाळत बसली.

"हे मला ऐकूच येत नाही चालवताना. शपथ."

"सॉरी," म्हटलं.

"कल्याण-शीळ रोडला शिकत होते ना, तेव्हापासूनचं आहे हे," ती म्हणाली. "तू शेजारी नसलास तर मी स्वतःच म्हणते वाटतं. तुझी जागा रिकामी राहायला नको!" हसली. मग हसली नाही. "पण साईनाथ, तुला भीती कशाची वाटायची रे? मी कधी साधा ओरखडा तरी आणला का गाडीला?"

उत्तर अजून शोधतोय. भीती तिच्या चालवण्याची नव्हती बहुतेक. ती मला मागे टाकून इतक्या सहज पुढे जाते, त्याची असेल. लिहून टाकलं. आता खोडत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

खडवलीला लग्न. गाडी तिने चालवली. मी पूर्ण रस्ता एक शब्द बोललो नाही, दोन्ही पाय सीटखाली मागे दुमडून बसलो. टिटवाळ्याच्या पुढे ती म्हणाली, "श्वास घेतलास तरी चालेल."

रविवार, २ मार्च

एक बावीस पूर्णांक दोन. खाच अर्धी. रेघ कितीदा पाहिली मोजलं नाही. हे एका पायाचं काम नाही, अठरा वर्षं उलटी चालून येताहेत! माझ्याच्याने एवढं झालं असतं का? नाही.

शनिवार, ८ मार्च

कॅमेऱ्याची कार्डं रिकामी केली, बॅटऱ्या भरल्या, बोल्ट आवळले.

रविवार, ९ मार्च

आयोजकांच्या फलकावर – १:२१.६. निवड झाली!

पेटीत काही नाही. कॅमेऱ्यात नाही. माइकमध्ये नाही. ट्रॅकवर जायच्या आधी तिने एकेक करून सगळं बंद केलं. "आज तुला घरी न्यायला काही नाही," म्हणाली. खाच होती की गेली, आत ती काय बोलली, मला कधीच कळणार नाही. मी विचारलं नाही.